सिएनाच्या पोटातली नदी

हंस आळीच्या मंडळाने माझ्याकडे माझ्या नवऱ्याबद्दल दोन पानं मागितली आहेत. आळीतल्या गेलेल्या माणसांची वही ते छापताहेत, आणि अन्सानो बिंदीशिवाय ती पुरी व्हायची नाही असं त्यांचं म्हणणं. बरोबरच आहे. पण पोरांनो, तुम्ही लिहायला सांगितलंत ते फ्लॉरेन्सच्या बाईला. आता जे येईल ते गोड मानून घ्या. आणि दोन पानांत मावेल अशी आशा ठेवू नका.

अन्सानोने सगळी उमर सिएनाच्या खालून चालण्यात घालवली. तुमच्या पिढीने नळ फिरवला की पाणी येतं, त्यामुळे तुम्हाला ते भुयारांचं काम म्हणजे जुन्या लोकांचा छंद वाटतो. मलाही आधी खरं वाटलं नव्हतं. मी आर्नोच्या काठची. नदी आमच्या दाराशी, पूर आला की दाराच्या आत. तीन टेकड्यांवर एवढं मोठं शहर बांधायचं, मनोरे उभारायचे, देवळं उठवायची आणि मग म्हणायचं, अरेच्चा, पाणी कुठाय? घर बांधून झाल्यावर स्वयंपाकघर आठवावं, तसा प्रकार. हे फक्त सिएनाच्या लोकांनाच सुचावं.

मग त्यांनी खणायला सुरुवात केली, तीही सातशे वर्षांपूर्वी. वाळूच्या दगडातून थेंब थेंब झिरपणारं पाणी गोळा करत पंचवीस किलोमीटर भुयारं खणली, माणूस ताठ चालेल एवढी उंच. जमिनीत मधोमध वीतभर रुंदीची पन्हळ, आणि तिला उतार इतका थोडा, की पाणी वाहतंय हे समजायला वाळकं पान टाकून बघावं लागतं. त्या पन्हळीवर चुन्याचा पांढरा थर चढतो, तो लोखंडी खुरपणीने खरवडायचा, पाणी निवळायच्या टाक्यांमधला गाळ काढायचा, छत कुठे सुटतंय का बघायचं. हे अन्सानोचं काम. त्याच्या आधी त्याच्या बापाचं, त्याच्या आधी आज्याचं.

आमची गाठ पडली १९२६ साली. तो फ्लॉरेन्सला सैन्यातली सक्तीची नोकरी करत होता. माझे वडील सान फ्रेदियानोच्या वेशीपाशी गाडीवर उकडलेली आतडी आणि पाव विकायचे, आणि मी घरात गवती टोप्या विणायची. हा रोज दुपारी यायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याने वडिलांना विचारलं. वडील मला म्हणाले, "पोरगा चांगला आहे गं. हात कामाचे आहेत, पितही नाही. पण सिएनाचा आहे."

"म्हणजे काय बाबा?"

"म्हणजे तुला मरेपर्यंत मोन्तापेर्ती ऐकावं लागणार."

वडिलांचं म्हणणं लग्नाच्या जेवणातच खरं झालं. सासरे पेला घेऊन उठले. मला वाटलं, सुनेला आशीर्वाद देतील. ते म्हणाले, "मोन्तापेर्तीसाठी!" आणि सगळी आळी उभी राहिली. बाराशे साठ साली एका टेकडीपाशी यांनी आमच्या सैन्याला झोडपलं होतं, त्याचा तो पेला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, घरात नवी होते, तरी तोंडाला कुलूप बसेना. मी म्हटलं, "मामंजी, त्यानंतर तीनशे वर्षांनी आम्ही तुमचं अख्खं शहर घेतलं, त्याचाही एक पेला होऊन जाऊ दे की." सासूबाईंनी पुढे वर्षभर मला नावाने हाक मारली नाही. "ती फ्लॉरेन्सवाली" एवढंच.

त्या दिवशी मी मनाशी एक नेम केला. या शहराची एकही गोष्ट कबूल करायची नाही. मी अडतीस वर्षं तो पाळला. अन्सानोने मला मोठ्या देवळाची अर्धवट भिंत दाखवली आणि म्हणाला, "हे पुरं झालं असतं ना, तर ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं देऊळ झालं असतं. प्लेग आला म्हणून राहिलं."

मी म्हटलं, "प्लेग आमच्याकडेही आला होता. आमचं पुरं झालं."

नाताळात तो पानफोर्ते आणायचा, तो मसाल्याचा घट्ट केक. मी म्हणायची, दात पडतील. तो चौकातलं ऊन दाखवायचा, मी म्हणायची डोळे दिपतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही अशी ही माणसं. आणि मी त्यांच्यात राहून त्यांच्यासारखीच झाले होते, हे मला फार उशिरा समजलं. अन्सानो मात्र चिडायचा नाही. मोन्तापेर्तीचा विषय सोडला तर तो कशानेच चिडायचा नाही. उलट मी काय खोड काढते याची वाट बघायचा, आणि मी काढली की समाधानाने जेवायला बसायचा.

त्याच्या कानांबद्दल सांगायला हवं. डोळ्यांनी नाही, तो कानांनी काम करायचा. भुयारात कार्बाइडच्या दिव्याचा उजेड चार पावलांपुढे जात नाही. पाण्याच्या आवाजावरून तो सांगायचा, पुढच्या टाकीत मुळं शिरलीत की गाळ साठलाय. छतातून वाळू सुटायच्या आधी अगदी बारीक, तांदूळ सांडल्यासारखा आवाज येतो म्हणे. त्या आवाजाने त्याला दोनदा वाचवलं होतं. "ज्याला ऐकू येत नाही त्याने खाली पाय ठेवू नये," हे वाक्य त्याच्या बापाचं, आणि तो ते नव्या माणसांना दरडावून सांगायचा.

त्याच्या कामाचं चीज झालं ते चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात. डोंगरावरून येणारा लोखंडी नळ लढाईत कुठेतरी फुटला आणि घराघरातल्या तोट्या कोरड्या पडल्या. तीस वर्षं ज्या भुयारांना लोक विसरले होते, त्यांचं पाणी आमच्या आळीतल्या फोन्तेब्रांदाच्या हौदात तसंच पडत होतं. सगळी सिएना घागरी घेऊन आमच्या उतारावर आली. आमच्याशी पिढ्यानपिढ्या वैर असलेल्या मनोरा आळीचेही आले, माना खाली घालून. अन्सानो कमरेइतका ओला, दाढी वाढलेली, दिवसातून एकदा वर यायचा आणि हौदापाशी उभा राहून रांग बघायचा. मला त्याचा इतका अभिमान वाटला की माझे डोळे भरून आले. तो म्हणाला, "काय गं, रडतेस?" मी म्हटलं, "कांदा चिरत होते." हातात घागर होती माझ्या.

आता मूळ गोष्ट. ती आजवर मी कुणाला सांगितलेली नाही.

तुम्हाला दियाना माहीत आहे. सिएनाच्या पोटात एक मोठी नदी वाहते आणि तिचं नाव दियाना, ही तुमच्या पूर्वजांची समजूत. तिच्यासाठी त्यांनी किती खणलं, किती ओतलं, देवच जाणे. कार्मेलपंथी साधूंच्या मठात विहीर खणली, ती नुसती खोलच खोल गेली. नदी काही सापडली नाही. त्यावरून आमच्याकडे सातशे वर्षं यांना हसतात. आमच्या लहानपणी कुणी नसलेल्या वस्तूच्या मागे लागलं की म्हणायचे, "चालला बघा दियाना शोधायला." अन्सानो स्वतः तिला हसायचा. "मी रोज खाली असतो, असती तर भेटली असती," म्हणायचा.

पासष्ट सालच्या एप्रिलमध्ये एका दुपारी तो कामावरून आला आणि बूट न काढताच खुर्चीवर बसला. चेहरा एखादी बातमी घेऊन आलेल्या माणसासारखा. मी ताट वाढलं, त्याने हात लावला नाही.

"आर्जिया, ती आहे."

"कोण आहे?"

"दियाना." त्याने आवाज खाली आणला. "कामोल्लियाच्या वेशीपलीकडे एक आडवी खोद आहे बघ, अर्धवट सोडलेली. तिथे भिंतीपलीकडून येतो आवाज. आठ दिवस ऐकतोय. आधी वाटलं, भास असेल. पण थांबतच नाही गं. मोठं पाणी आहे. खोल, भरून वाहणारं."

मी तेव्हा मोरीपाशी होते, पाठमोरी. मला हसू आलं आणि मी म्हटलं, "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" तो पुढे बोलत राहिला. कुठल्या दिशेने खणावं लागेल, किती हात. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. तो बोलतच होता. अडतीस वर्षांत माझा टोमणा जमिनीवर पडू दिला नव्हता त्याने. मी ओले हात तसेच ठेवून मागे वळले आणि त्याच्याकडे बघत राहिले.

मग एकेक आठवायला लागलं. गेला महिनाभर तो रेडिओ मोठा लावत होता. सान दोमेनिकोची दुपारची घंटा होऊन गेली तरी "अजून बारा वाजले नाहीत का?" म्हणून विचारत होता. मी हाक मारली की येत नव्हता, आणि मी समजत होते की म्हातारपणी शेफारलाय.

दुसऱ्या दिवशी तो दारात बसून बुटांना तेल लावत होता. मी त्याच्या मागे चार पावलांवर उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "मोन्तापेर्तीला तुम्ही फितुरीने जिंकलात."

या वाक्यावर तो एकदा तापात अंथरुणावरून उठून बसला होता. आता त्याचा हात थांबलासुद्धा नाही. तो फडक्याने बूट चोळत राहिला. मी आत गेले आणि एप्रनात तोंड घालून रडले.

चढाच्या माथ्यावरचे औषधवाले चेकारेल्ली भला माणूस. मी त्यांना म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याच्या कानात पाणी वाहतं."

"पाणी? माझ्या आईच्या कानात दहा वर्षं रातकिडे ओरडायचे," ते म्हणाले. "एखाद्याला घंटा, एखाद्याला समुद्र. कान जायला लागला की तो आतल्या आत वाजतो, बाई. थंड, शांत जागी जास्तच. मैत्रिणीला म्हणावं, आता त्याच्याशी समोर उभं राहून बोलत जा." मग काउंटरवरून वाकून हळूच म्हणाले, "अन्सानोला माझा नमस्कार सांगा."

तर माझ्यापुढे असा पेच होता. रविवारी सांता कातेरिनाच्या सणाचं आळीचं जेवण. अन्सानोने ठरवलं होतं, तिथे उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं आणि सोमवारी पाणी खात्यात अर्ज द्यायचा. तो बोलला असता तर आधी लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, कारण अन्सानोच्या कानावर या गावाचा देवापेक्षा जास्त विश्वास. मग खात्याने खणलं असतं, काही निघालं नसतं, आणि सतरा आळ्यांनी त्याला दियाना म्हणून हाक मारायला सुरुवात केली असती. सिएनात लागलेलं नाव नातवंडांच्या थडग्यापर्यंत जातं. त्याला नुसतं बोलण्यापासून थांबवावं, तर तो त्या कानांनी रोज खाली उतरत राहणार आणि एक दिवस तांदूळ सांडल्याचा आवाज त्याला ऐकू येणार नाही. त्याला सांगायला हवं होतं, आणि सांगायला मी एकटीच होते. म्हणजे सातशे वर्षं हसणाऱ्यांच्या गावची बाई. तिने म्हणायचं, बाबा रे, नदी नाही, तू बहिरा होतोयस.

शनिवारी सकाळी मी त्याच्यासमोर उभी राहिले. "उद्या सगळ्यांना सांगायच्या आधी मला ऐकव."

तो बघतच राहिला. अडतीस वर्षांत मी भुयारात पाऊल टाकलं नव्हतं. "उंदरांच्या गावात मी येत नाही," असं नेहमी म्हणायची.

"खरंच येतेस?"

"बूट दे तुझे जुने."

तो लहान मुलासारखा पळत गेला आणि दोन दिवे भरून आणले.

आत उतरलो तेव्हा पहिल्यांदा थंडी लागली, मग ओल्या दगडाचा वास. पन्हळीच्या दोन्ही कडांवर पाय फाकून चालायचं. अन्सानो पुढे, मी मागे, एका हाताने त्याचा कोट धरून. तो मागे वळून वळून दाखवत होता. ही टिकावाची खूण बघ, हा माणूस डावखुरा होता. ही भाजल्या मातीची नावाची पाटी, या घराण्याने हे पाणी विकत घेतलं होतं, घराणं बुडालं, पाटी राहिली. इथे कुणीतरी बोटाएवढी मरियम कोरलीय. इथे दोन बाजूंनी खणत आलेले लोक एकमेकांना भेटले, वीतभराचीही चूक नाही. मी वर राहून ज्या शहराची टिंगल करत आले, ते मला खालून पहिल्यांदा दिसत होतं. कुणी बघणार नाही अशा जागी इतकं नीट काम करणारे लोक. मी ते तोंडाने बोलले नाही. सवय नव्हती.

एका ठिकाणी भुयार एकदम अरुंद झालं. अंग तिरपं करून जावं लागलं.

"हे तुमच्यासाठी," अन्सानो म्हणाला. "तुमच्या शिपायांनी इथून शहरात शिरू नये म्हणून."

मी काहीतरी बोलणार होते. तो वर बोट दाखवून म्हणाला, "आता आपण वेशीबाहेर आलो. शेवटच्या वेढ्यात धान्य संपलं तेव्हा आमच्याच लोकांनी म्हातारे, बायका, अनाथ पोरं वेशीबाहेर काढली. खाणारी तोंडं कमी करायला. पुढे तुमचं सैन्य त्यांना जाऊ देईना, मागे आमची वेस उघडेना. ती इथे मधे राहिली. बाबा इथे आले की टोपी काढायचे." त्याने टोपी काढली. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. शिपाई आमचे, वेस त्यांची. लग्नाच्या जेवणात मी मागितलेला पेला मला आठवला आणि लाज वाटली.

मग ती आडवी खोद आली. वीस पावलांवर नुसती भिंत. त्याने दिवा खाली ठेवला आणि पंजा दगडावर टेकवला. मला म्हणाला, "कान लाव."

मी गाल त्या गार दगडाला लावला. काही नव्हतं. मागे कुठेतरी एक थेंब पडत होता, दिवा फुसफुसत होता, आणि माझं काळीज. बाकी इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. मी डोळे मिटून तशीच उभी राहिले, कारण डोळे उघडले की बोलावं लागणार होतं. घरून निघताना शब्द तयार केले होते. अन्सानो, तुझ्या कानाला त्रास आहे, आपण डॉक्टरकडे जाऊ. एवढंच. साधं वाक्य.

मी डोळे उघडले. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. बासष्ट वर्षांचा माणूस, भुवयांवर चुना, आणि चेहऱ्यावर अशी आशा की मला बघवेना.

"येतंय ऐकू?"

"येतंय," मी म्हटलं.

"काय येतंय?"

"नदी. मोठी आहे रे, अन्सानो. चांगली मोठी नदी आहे."

तो हसेल, मला मिठी मारेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. भिंतीवरचा हात हळूच काढून घेतला आणि पन्हळीच्या कडेवर बसला.

"अडतीस वर्षं," तो म्हणाला. "पानफोर्ते चांगला आहे म्हणाली नाहीस. देवळाची भिंत मोठी आहे म्हणाली नाहीस. चव्वेचाळीस साली कांदा चिरत होतीस. आणि दियाना आहे म्हणतेस?"

मी गालावरची दगडाची ओल पुसली.

"तू नाही म्हणाली असतीस ना, तर मी भांडलो असतो. उद्या जेवणात उठून सांगितलं असतं. खणायला लावलं असतं." त्याने दोन्ही तळवे कानांवर दाबले, थोडा वेळ तसाच राहिला आणि सोडले. "आवाज तेवढाच येतोय. कान झाकले तरी तेवढाच. हे आधी करून बघायला हवं होतं. केलं नाही मी. कधीपासून माहीत आहे तुला?"

"मोन्तापेर्तीला फितुरी झाली म्हणाले मी. तुझ्या पाठीमागे उभी राहून."

"आणि मी काहीच बोललो नाही?"

"नाही."

"मग गेलाच म्हणायचा कान." तो थोडं हसला आणि मग त्याचे डोळे वाहायला लागले. मी त्याच्याजवळ पन्हळीच्या कडेवर बसले. पाणी आमच्या बुटांच्या मधून जात होतं. त्याने खिशातून भुयाराच्या दाराची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. "सोमवारी खात्यात देऊन ये. मला जमायचं नाही. आणि उद्या मी काही बोलत नाही."

"बरं."

"आर्जिया."

"काय?"

"मघाशी म्हणालीस ते पुन्हा म्हण. खोटं तर खोटं. फ्लॉरेन्सच्या बाईच्या तोंडून ऐकायचंय, ऐकू येतंय तोवर."

मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळा दम लावून ओरडले, "आहे! सिएनात नदी आहे!" आवाज भुयारातून लांबवर गेला. अन्सानोने डोळे मिटून मान डोलावली. मग तोंड फिरवून दुसरी बाजू माझ्यापुढे केली.

"आता या कानात," तो म्हणाला.